मूळघर

प्रिन्स चावतो हे सगळ्या ब्राह्मणपुरीला माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं, पार्सलवाल्याला माहीत होतं, आणि महापालिकेनं याआधी पाठवलेल्या दोन पोरांना तर हातावर टाके पडल्यामुळं ते जन्मभर लक्षात राहणार होतं.

"जपून हं, लांबूनच घे," उपाध्येकाका दाराआडून म्हणाले. कुत्रं त्यांचं, आणि दाराआड तेच.

"नाकात काडी लांबून कशी घालू काका? नेम धरून मारू?"

किमया चौगुले पायरीवर उकिडवी बसली. प्रिन्स उशीएवढाच होता, पण रागानं नुसता थरथरत होता. तिनं खिशातून गोधडीचा एक विटका तुकडा काढून त्याच्या नाकापुढं धरला. प्रिन्सनं एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, मग नाकच आत खुपसलं. त्याचे कान खाली पडले. तेवढ्यात तिनं तोच तुकडा त्याच्या तोंडाभोवती गुंडाळला, काडी नाकपुडीत फिरवली, नळीत टाकली आणि झाकण लावलं.

"झालं. सोडा आता महाराजांना."

"जादू येते की काय गं तुला?"

"जादू नाय काका, वास. माझ्या डांबरच्या गोधडीचा तुकडा आहे. शांत कुत्र्याचा वास आला की भुंकणारं पण गप बसतं."

ही युक्ती तिची स्वतःची. बाकीची पोरं दिवसाला पंधरा-सोळा कुत्री करायची आणि संध्याकाळी लंगडत परत यायची. किमया चाळीस करायची. हातमोजे दर घरी नवे, काडी नवी, नळी बंद. तो नियम तिनं एकदाही चुकवला नव्हता.

या कामाची तिला गोडी लागली होती ती एका मशिनमुळं. मशिनचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण मिरजेत सगळे त्याला हेळवी म्हणायचे. खरे हेळवी बैलावर बसून दोन-चार वर्षांतून एकदा दारात येतात, चोपडी उघडतात आणि तुमच्या खापरपणजोबाचं नाव तुम्हालाच ऐकवतात. हे मशिन तेच काम जंतूंचं करायचं. जंतू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल काढत सुटतो. नक्कल काढताना कुठंतरी एखादं अक्षर चुकतं, आणि पुढच्या सगळ्या नकला ती चूक घेऊनच जन्माला येतात. चुका जुळवत मागं मागं गेलं की कुणी कुणाचं उतरवलं ते कळतं. कुठला जंतू कुठल्या घरातून कुठल्या घरात गेला, तारखेसकट.

किमयाला हे ऐकताक्षणी पटलं होतं. नववीत असताना गणिताच्या पेपरात तिची आणि शेजारच्या बाकावरच्या पोरीची एकच चूक सापडली होती. सरांनी ठरवलं, किमयानंच उतरवलं. खरं उलटं होतं. तिनं दप्तर सरांच्या टेबलावर आपटलं आणि शाळेतून जी निघाली ती परत गेलीच नाही. तेव्हा हे मशिन असतं तर एका तासात सांगितलं असतं कोण चोर ते. माणसाचा भरवसा नाही, हेळवीचा आहे, असं ती कुणालाही ऐकवायची.

मशिन आणायची वेळ का आली? तर पाच-सहा वर्षांपूर्वी साध्या गळवावरच्या गोळ्या चालेनाशा झाल्या. सगळ्यांनी आधी दवाखान्यांना शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की जंतू तर घरात, गादीवर, पायाशी अंग मुडपून झोपलाय. माणसाचा जंतू कुत्र्याच्या नाकात, कुत्र्याचा शेजारच्या कुत्र्याच्या कानात, तिथून परत पोराच्या खरचटलेल्या ढोपरात. आणि प्रत्येक फेरीत औषध पचवायची एखादी नवी खोड शिकून आलेला. म्हणून मग हुकूम निघाला की दर वर्षी प्रत्येक पाळीव जनावराची नाकाची काडी घ्यायची. ज्या घरात असा जंतू तयार झाला ते मूळघर. त्याच्या दारावर पिवळी पाटी लागायची आणि जनावर जमा व्हायचं. जमा म्हणजे शहराबाहेरच्या केंद्रात. तीन तपासण्या स्वच्छ आल्या तर सोडू, असं कागदावर होतं. अजून तिथून एकही जनावर घरी आलं नव्हतं.

अशा तीन पाट्या किमयानं स्वतःच्या हातानं ठोकल्या होत्या. त्या घरांतल्या बायका रडल्या तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्यावर नका ओरडू. हेळवी खोटं बोलत नाही."

*

दुपारी ती घरी आली तर दारात वहिदाभाभी उभ्या. शेजारचंच घर, तंबोरे करणाऱ्यांचं. अंगणात भोपळे वाळत पडलेले, पण आठवडाभर कुणी त्यांना हात लावला नव्हता. वहिदाभाभींचा सहा वर्षांचा अयान दवाखान्यात होता.

दहा दिवसांपूर्वी तो गल्लीत सायकलवरनं पडला होता. ढोपर चांगलंच फुटलं होतं. किमया नेमकी कामावरनं येत होती. तिनं त्याला उचललं, हाताला लागलं ते फडकं करकचून बांधलं आणि पळत घरी पोचवलं. एवढीशी जखम. चौथ्या दिवशी ढोपर सुजलं, सहाव्या दिवशी पोरगं तापानं बरळायला लागलं. तीन औषधं झाली. तिन्ही वाया.

"डांबर कुठंय?" वहिदाभाभींनी विचारलं.

"असंल परसात. का?"

"डॉक्टर विचारत होते, घराजवळ कुत्रं आहे का. मी आहे म्हणाले. पोराला तोंड लावतं का म्हणाले. आता दिवसभर त्याच्या अंगावरच तर लोळतो आमचा अयान."

"म्हणजे माझ्या डांबरनं केलं?"

"तसं कुठं म्हणते बेटा मी..."

"मग कसं म्हणताय? गावची उकिरड्यावरची कुत्री सगळी सोवळी, आणि आमचंच तेवढं घाणेरडं?"

"किमे, आवाज खाली!" आतून शालनआत्ती ओरडली. किमयाच्या बापाची ही थोरली बहीण. आईबाप गेल्यावर हिनंच तिला वाढवलं.

"का खाली? थांबा, आत्ताच्या आत्ता काडी घेते. उद्या हेळवी सांगंल. मग त्याची माफी मागायला या."

पोराचे धुतलेले कपडे पिशवीत घालून वहिदाभाभी परत दवाखान्याकडं गेल्या.

डांबर परसात केळीखाली पसरला होता. काळाकुळकुळीत, म्हातारा, शांत. नाकात काडी गेली तरी शेपूट हलवत होता. काडी फिरवता फिरवता किमयाच्या ध्यानात आलं की सगळ्या गावाची कुत्री झाली, याची कधी घेतलीच नाही. आपलं कुत्रं, त्याला काय तपासायचं? स्वतःच्याच घरची नोंद नाही हे कळलं तर प्रयोगशाळेच्या कुरणेमॅडम सोलून काढतील. म्हणून नळीवर घरनंबराच्या जागी तिनं लिहिलं, 'भटकं, काळं'.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत हेळवीनं जंतूच्या वंशाचं झाड काढलं आणि कुरणेमॅडम खुर्चीतनं उठल्याच.

"किमया! अगं ही नळी कुठं मिळाली तुला? खोड सापडलं, खोड!"

मॅडम जंतूंच्या डॉक्टर. एरवी इतक्या हळू बोलायच्या की पुढं वाकून ऐकावं लागायचं. चार महिने त्या एका कोड्यापुढं बसल्या होत्या. मिरजेतल्या सत्तावीस घरांत एकच जंतू सापडला होता. एकमेकांशी ओळख नसलेली घरं, एकमेकांना कधी न भेटलेली कुत्री. फांद्या सगळ्या होत्या, खोड नव्हतं. आता पडद्यावर खोड उभं होतं, आणि त्यावर नाव होतं 'भटकं, काळं'.

किमयानं ते नाव परत एकदा वाचलं.

"हे अयानचं," मॅडमनी एका फांदीवर बोट ठेवलं. "दवाखान्यातनं आलेला नमुना. तोही यातलाच."

म्हणजे वहिदाभाभी बरोबर होत्या. डांबरनं चाटलं. एवढंच तिच्या डोक्यात आलं, आणि ती पडद्याकडं बघत राहिली. तिची नजर वाईट होती, नको ते टिपायची. सत्तावीस घरं, सत्तावीस तारखा. पहिलं घर कमानीजवळचं. दुसरं त्याच्या मागचं. मग तिसरं, रस्ता ओलांडून. आणि शेवटी कालची ब्राह्मणपुरी.

ही वाट तिला पाठ होती. ती स्वतःच्या पायांनी चालली होती.

"भटकं कुत्रं असं घरोघर जात नाही," मॅडम म्हणत होत्या. "आणि दुसरी गंमत बघ. सत्तावीस घरं, पण मांजर एकही नाही. मांजरं कशी काय सुटली?"

मांजरं सुटली कारण मांजरांना कुत्र्याचा वास चालत नाही. मांजर असलं की किमया गोधडीचा तुकडा खिशातून काढायचीच नाही.

तिचा हात आपोआप खिशाकडं गेला आणि चटका बसल्यासारखा मागं आला. हातमोजे दर घरी नवे. काडी नवी. नळी बंद. आणि फडकं? फडकं दिवसभर एकच. सकाळी डांबरच्या अंथरुणातनं उचलायचं, चाळीस तोंडांना गुंडाळायचं, संध्याकाळी परत त्याच्या अंथरुणात टाकायचं. नियमांच्या कागदात फडक्याचं नावच नव्हतं, कारण तिच्याशिवाय कुणी फडकं वापरतच नव्हतं.

आणि मग अयानचं ढोपर आठवलं. हाताला लागलं ते फडकं.

डांबरनं चाटलं नव्हतं. तिनं बांधलं होतं.

"बस, बस. चेहरा कसा झालाय तुझा. खाल्लंस का काही?" मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि उत्साहानं पुढं सांगत राहिल्या. जंतूच्या पोटात एक छोटी गोल कडी असते, किल्ल्यांच्या जुडग्यासारखी. एकेका औषधाचं कुलूप उघडायची एकेक किल्ली. अर्धवट औषध दिलं की दुबळे जंतू मरतात आणि किल्लीवाले उरतात, मग उरलेले आपापसात किल्ल्या वाटून घेतात. "या जुडग्यात चार किल्ल्या आहेत. चार वेगळी औषधं, एकामागनं एक, तीही थोडी थोडी. कुणीतरी या कुत्र्याला वर्षभर शिकवणीच लावलीय." त्यांनी चारी औषधांची नावं वाचली.

चारी नावं किमयाला माहीत होती. शाळेत इंग्रजी कधी जमलं नाही, पण ही नावं तिनं रोज वाचली होती. घरातल्या डब्यात.

"आता मला याचं मूळघर पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "पाटीसाठी नाही गं. अयानसाठी. जंतूला खाणारे विषाणू असतात, फाज म्हणतात त्यांना. पण एक फाज एकाच जातीचा जंतू खातो. आपल्याकडं साठवलेले सगळे लावून बघितले, याला एकही खात नाही. जिथं हा जंतू वर्षभर नांदला, तिथल्या मोरीत, तिथल्या मातीत त्याचा वैरी तयार झालेला असणार. बाकीच्या घरांत हा कालपरवा आलाय, तिथं वैरी मिळायचा नाही. कुठं सापडलं हे कुत्रं?"

"का, घाई आहे?" किमयानं विचारलं.

"उद्या सकाळी दहाला मांडीतनं पाय काढणार आहेत त्याचा. नाहीतर पोरगं जातं."

किमया उठली. "आठवत नाही मॅडम. भटकं होतं," म्हणाली आणि जवळजवळ पळतच बाहेर पडली.

*

डबा फडताळात वरच होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरचं चित्र घासून गेलेला. आजारी माणूस तीन दिवसांत बरं झालं की राहिलेल्या गोळ्या या डब्यात. एकट्या आत्तीच्याच नव्हे, सगळ्या गल्लीच्या. कुणाला काही झालं की लोक आत्तीकडं यायचे, आणि आत्ती डबा उघडून अंदाजानं पट्टी कापून द्यायची. सगळे तिला दुवा द्यायचे.

किमयानं डबा जमिनीवर उपडा केला. अर्ध्या पट्ट्या, पाव पट्ट्या, एकेकटी गोळी. चारी नावं सापडली.

"डांबरला यातलं काय दिलंस?"

"कानाला देत हुते की," आत्ती भाकरी थापता थापता म्हणाली. "खाजवून खाजवून रगत काढायचा. अर्धी गोळी चुरम्यात कालवायची. कान थांबला की बंद."

"बंद का करायचीस?"

"मग? उगं कशाला जास्तीचं औषध घालायचं मुक्या जनावराला? परत सुरू झालं की दुसरी द्यायची. जी असंल ती."

किमयाला ओरडायचं होतं. त्याऐवजी तिनं सगळं सांगितलं. चुलीपाशी बसून, तुटक तुटक. किल्ल्यांचं जुडगं, गोधडी, सत्तावीस घरं, अयानचं ढोपर. आत्तीची भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलटली नाही.

मग आत्ती म्हणाली, "काय लिव्हलंस नळीवर?"

"भटकं."

"मग भटकंच राहू दे. डांबर न्हाई द्यायचा मी." ती उठली, गोळ्या ओंजळीत भरल्या आणि मोरीकडं निघाली. "ह्या आधी टाकते मसणात."

"आत्ती, तिथं नको!" किमयानं तिचा हात धरला. "मोरीला हात लावू नको. तिथलंच पाणी पाहिजे त्यांना. तू दर रविवारी डांबरला धुतीस, ते पाणी केळीखाली मुरतं. अयानचं औषध तिथं आहे."

"आणि न्हाई दिलं तर?"

"उद्या दहाला पाय कापणार."

आत्ती तशीच उभी राहिली. ओंजळीतली एकेक गोळी टपटप खाली पडत होती. पलीकडच्या अंगणात भोपळे उन्हात वाळत होते.

"अयान जन्मला तवा पहिली अंघोळ मी घातली त्याला," आत्ती म्हणाली. "पाय केवढे हुते, बोटाएवढे." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खुंटीवरची डांबरची साखळी काढून किमयाच्या हातात दिली. "ऊठ. मॅडमना बोलाव. डबा बी घे, माझंच नाव सांग."

"फडकं माझं होतं आत्ती."

"मग दोघींचं सांग."

*

मॅडम पाऊण तासात आल्या. केळीखालची माती, मोरीचं पाणी, डांबरची उरलेली गोधडी, सगळं घेतलं. एक शब्द रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं किमयाला वाटलं. गाडीच्या पिंजऱ्यात डांबर स्वतःहून चढला. त्याला गाडीत बसायला आवडायचं.

पिवळी पाटी किमयानंच ठोकली. खिळा दोनदा वाकला.

मग ती दवाखान्यात गेली. वहिदाभाभी बाकावर बसल्या होत्या. किमया समोर उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "भाभी, डांबरनं नाही चाटलं. मी त्याच्या ढोपराला फडकं बांधलं होतं ना, ते डांबरच्या गोधडीचं होतं. त्यातनं गेलं."

वहिदाभाभी तिच्याकडं बघत राहिल्या. थोबाडीत बसणार म्हणून किमयानं डोळे मिटले.

"त्या दिवशी," वहिदाभाभी हळूच म्हणाल्या, "मी नमाजात तुझं नाव घेतलं होतं."

थोबाडीत बसली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फाज सापडला. केळीखालच्या मातीत, वीतभर खोल. काचेच्या बशीत जंतूंचा पांढुरका थर होता आणि त्यात मधोमध स्वच्छ भोकं पडली होती, कुणीतरी खाऊन गेल्यासारखी. दहाची वेळ आधी बारावर ढकलली, मग पुढच्या दिवसावर. तिसऱ्या दिवशी अयाननं पाणी मागितलं. पाय राहिला. ढोपर पुरतं वाकत नाही, आणि वाकेल असं कुणी म्हणतही नाही.

महापालिकेनं किमयाला कामावरनं काढलं नाही. मॅडमनी साहेबांना सांगितलं, सत्तावीस घरांत फाजाचे थेंब घालायचेत, आणि ती घरं हिच्याइतकी कुणाला माहीत नाहीत. प्रत्येक दारात काय बोलायचं ते मात्र कुणी लिहून दिलं नाही.

काही घरांनी दार लावून घेतलं. एका बाईनं बादलीभर पाणी फेकलं. दोन पाट्यांवर शेणाचे गोळे मारले होते, त्यातली एक तिच्याच घरची. ज्या तीन घरांत तिनं पूर्वी पाट्या ठोकल्या होत्या, तिथंही ती गेली. तिथं जायचं काही काम नव्हतं.

शेवटचं घर ब्राह्मणपुरीतलं. उपाध्येकाका दाराआडच होते.

"ये, जादूवाली. आता काय राहिलं?"

"काका, तुमच्या प्रिन्सच्या नाकात जंतू आहे. तो मी आणला. माझ्या फडक्यातनं. मूळघर आमचं आहे."

काका दाराबाहेर आले. पहिल्यांदाच. चष्मा काढून पुसत राहिले, पुसून झाला तरी पुसत राहिले. "मी सगळ्यांना सांगत सुटलो," ते म्हणाले, "की कुत्र्यांना कळतं, ही पोरगी चांगली आहे म्हणून."

किमयानं नवे हातमोजे चढवले आणि पायरीवर उकिडवी बसली. हातात थेंबांची बाटली, दुसरं काही नाही. प्रिन्स गुरगुरत पुढं आला. तिनं हात मागं घेतला नाही. चावला तर चावू दे.

तो चावला नाही. त्यानं तिचा हात हुंगला, मग दुसरा हुंगला, मग धुतलेल्या खिशात नाक खुपसून बराच वेळ शोधत राहिला. काही सापडलं नाही तेव्हा मान वर केली आणि तिच्या पाठीमागच्या रिकाम्या गल्लीकडं बघत बसला, अजून कुणीतरी मागनं येतंय असं वाटल्यासारखा.